पोरांना कलमं नकोत, पहिले २४ तास शिकवा

पत्र: वकीलताई, मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. यंदा शनिवारचे सहा तास 'कायदेविषयक जाणीवजागृती'साठी माझ्या गळ्यात पडलेत. पहिल्या शनिवारी पोलीस स्टेशनमधून साहेब आले, त्यांनी तासभर 'हे केलं तर तीन वर्षं, ते केलं तर दहा वर्षं' सांगितलं, मुलं चिडीचूप. दुसऱ्या शनिवारी मी फळ्यावर कलमं लिहिली तर मुलं झोपली. मधेच आमच्या दहावीतल्या एका मुलाला यात्रेतल्या मारामारीवरून रात्रभर पोलीस स्टेशनला बसवून ठेवलं. मुलं विचारतात, बाई हे चालतं का? आणि मला उत्तर येत नाही. त्यात एक पालक येऊन म्हणून गेले की पोरांना हक्कबिक्क शिकवून पोलिसांशी हुज्जत घालायला लावू नका. उरलेल्या चार शनिवारी नेमकं काय शिकवू? – एक बाई

उत्तर:

बाई, शनिवारांचं नंतर बघू, आधी मुलांच्या त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाका, कारण तो घशात अडकलेला असताना तुम्ही राज्यघटनेतलं काहीही सांगा, कानावरून जाणार. उत्तर आहे, नाही चालत. अठरा पूर्ण न झालेल्या पोराला ताब्यात घेतलं तर त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, गुन्हा कुठलाही असो, बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १० मध्ये सरळ लिहिलंय. त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं (हा अधिकारी प्रत्येक पोलीस स्टेशनला नेमलेला असायला हवा, कागदावर तरी असतोच), आईबापांना कळवायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं हजर करायचं. आता कुणीतरी तुम्हाला म्हणेल, अहो लॉकअपमध्ये कुठं टाकलं, बाकड्यावर नुसतं बसवलं होतं समज द्यायला. हे वाक्य मी वकिलीच्या बावीस वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता ते पूर्ण व्हायच्या आधीच मला कळतं. त्यावर मुलांना एक साधा प्रश्न द्या, त्याला मनात आलं तेव्हा उठून घरी जाता येत होतं का? नव्हतं येत ना, मग तो ताब्यातच होता, बाकड्यावर बसवा नाहीतर गादीवर.

आणि एक, त्या मुलाचं नाव वर्गात घ्यायचं नाही. प्रकरणात सापडलेल्या मुलाचं नाव, फोटो, अगदी शाळेचं नावसुद्धा छापायला कायद्यानं बंदी आहे, आणि इथं तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासाभरात सगळं गाव फिरून येतं. त्याच्या घरच्यांना मात्र गुपचूप दोन गोष्टी सांगा. पहिली, तालुका विधी सेवा समितीकडे जा, कोर्टाच्या आवारातच असते, बायका आणि मुलांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, फोनवर विचारायचं असेल तर १५१००. दुसरी गोष्ट तुमच्या हातातली आहे. मूल अठराच्या आतलं की बाहेरचं हा वाद आला तर कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं सर्टिफिकेट बघतो, ते नसलं तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसलं तरच डॉक्टरी तपासणी. म्हणजे तुमच्या क्लार्कच्या कपाटातलं ते जनरल रजिस्टर एखाद्या पोराला मोठ्यांच्या जेलपासून वाचवू शकतं. दाखला मागायला कुणाचा बाप आला तर 'उद्या या' म्हणू नका असं क्लार्कभाऊंना सांगून ठेवा.

आता शिकवण्याचं. तुमच्या दुसऱ्या शनिवारसारखं मीही केलेलं आहे हो. वकिली सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती, एका शाळेत बोलायला बोलावलं, मी आपली चौदा-पंधरा कलमं पाठ करून गेले, कॉटनची साडी वगैरे नेसून, धडाधडा सांगितली आणि शेवटी विचारलं काही शंका? मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, म्हणाला मॅडम, पोलिसांनी मारलं तर कुणाला सांगायचं? मला एकदम सुचेचना. म्हणजे उत्तर माहीत होतं, पण नववीतल्या पोराला उपयोगी पडेल असं एक वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की शाळेतल्या मुलाला कुठल्या गुन्ह्याला किती वर्षं हे सांगून फार काही हाती लागत नाही, त्याला पहिले २४ तास माहीत पाहिजेत. कोण येतं, काय विचारतं, आपण काय बोलायचं, कशावर सही करायची नाही आणि पुढं कुणापुढं उभं राहायचं.

कलमं तशीही आता सगळ्यांचीच उलटीपालटी झालीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, १८६० चं आयपीसी म्हणजे भारतीय दंड संहिता गेली, खुनाचं ३०२ होतं ते १०३ झालं, फसवणुकीचं ४२० होतं ते ३१८ मध्ये गेलं, आणि नवीन ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावतील असे शब्द मुद्दाम उच्चारणं. आम्ही वकील लोकच अजून मोबाईलमध्ये जुनंनवं कलम जुळवत बसतो, मग पोरांनी कशाला पाठ करायचं.

एक शनिवार पूर्ण २४ तासांना द्या. फळ्यावर मोठं घड्याळ काढा आणि सांगा, संध्याकाळी सात वाजता गल्लीतल्या एकवीस वर्षांच्या दादाला पोलिसांनी अटक केली. पुढं काय? मुलं सिनेमातलं सांगतील, सांगू द्या. मग एकेक तास भरत जा. अटक का केली ते त्याला सांगावंच लागतं, आणि त्यानं सांगितलेल्या नातेवाईकाला किंवा मित्राला कळवावं लागतं. अटकेचा पंचनामा होतो, त्यावर घरच्या माणसाची नाहीतर परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते. डॉक्टरकडे नेतात. वकिलाला भेटायचा हक्क आहे. उद्या संध्याकाळी सातच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं हजर, प्रवासाचा वेळ तेवढा वजा. यातलं बरंचसं राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आहे, म्हणजे तुमच्याच विषयाच्या पुस्तकात बसतं, आणि बाकीचं १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं घालून दिलं. आरोपीच्या जागी बाई असेल तर सूर्यास्त ते सूर्योदय अटक नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. आणि साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर पंधराच्या आतल्या मुलाला किंवा कुठल्याही बाईला पोलीस स्टेशनला बोलवताच येत नाही, साहेबांनी घरी यायचं. हे सांगितलं की वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघतात, माझा अनुभव आहे, कारण प्रत्येकीच्या घरात कुणीतरी आई-मावशी दिवसभर तिथं ताटकळलेली असते.

सहीचं खास सांगा. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कायद्यातच नसते, आणि पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. कोऱ्या कागदावर तर बापजन्मात सही करायची नाही, हे पाठ करून घ्या वाटल्यास.

मग बोलायचा सराव. हे मुलांना गंमतीचं वाटतं पण खरं काम इथं होतं. सगळ्यांना उभं करा आणि मोठ्यानं म्हणून घ्या, 'साहेब, मी पंधरा वर्षांचा आहे. मला कशासाठी नेताय ते सांगा, आणि माझ्या आईला फोन करू द्या.' आवाज न चढवता, साहेब म्हणत. पळायचं नाही, हात झटकायचा नाही, मोबाईल तोंडापुढं धरून वकिली करायची नाही. धक्काबुक्की झाली की शासकीय कामात अडथळा लागतो, जुनं ३५३, आता १३२, आणि आमच्याकडे अशी कितीतरी पोरं येतात ज्यांची मूळ केस काहीच नसते, सगळी भानगड या कलमाची असते.

कसाबचा प्रश्न येणारच. ही मुलं २००८ ला जन्मलीसुद्धा नव्हती पण प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, मॅडम कसाबला वकील कशाला दिला? टाळू नका, अख्ख्या विषयाचा गाभा तिथंच आहे. त्यांना सांगा, त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, भारतीय, आणि २०१० मध्ये विशेष कोर्टानं कसाबला दोषी ठरवलं त्याच दिवशी त्या दोघांना पुराव्याअभावी सोडलं, पुढं हायकोर्टानं आणि सुप्रीम कोर्टानंही ते कायम ठेवलं. तिघांनाही वकील नसता तर हा फरक कोण दाखवणार होतं? आणि पुढची गोष्ट तर फारच कमी लोकांना माहीत असते. २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करणाऱ्या त्याच निकालात सुप्रीम कोर्टानं सगळ्या मॅजिस्ट्रेटना बजावलं की आरोपीला पहिल्यांदा तुमच्यापुढं आणलं की त्याला सांगायचं, वकील हा तुझा हक्क आहे, पैसे नसतील तर सरकार देईल. म्हणजे आज यात्रेतल्या भांडणात सापडलेल्या एखाद्या गरीब दादाला कोर्टात जे सांगितलं जातं ते त्या निकालामुळं आणखी पक्कं झालंय. हे ऐकलं की वर्ग शांत होतो, पण तुमच्या पहिल्या शनिवारसारखा नाही, वेगळा.

दुसऱ्या एखाद्या तासाला फिर्याद लिहायला लावा. सायकल चोरीला गेली, बस्स. अर्धी मुलं फिर्यादी, अर्धी ठाणे अंमलदार. कधी, कुठून, कुठली सायकल, कुणी बघितलं, आणि 'माझा अमुकवर संशय आहे' आणि 'अमुकनं चोरली' यातला फरक. मग तुम्ही पिल्लू सोडा, सायकलची किंमत ४,५०० की ६,०००? कारण नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे, पोलीस एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद लिहून घेतील, तपास करायचा तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागेल. सहा हजारांची असेल तर दखलपात्र, एफआयआर नोंदवावाच लागतो, सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालापासून त्यात टाळाटाळीला जागा नाही (ठेवलेली असते ती गोष्ट वेगळी), आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. हद्द आमची नाही म्हणाले तरी झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायचा एफआयआर, घ्यावाच लागतो. नाहीच घेतला तर एसपींना लेखी पाठवायचं, तरी नाही तर मॅजिस्ट्रेट. आणि तो साडेचार हजारांची सायकल नेणारा पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्यानं सायकल परत दिली तर शिक्षा म्हणजे सामाजिक सेवा, ही नवीन शिक्षा या संहितेत पहिल्यांदा आली. काय सेवा द्यावी यावर वर्गात वाद घाला म्हणावं. एका शाळेत एक मुलगी म्हणाली होती, त्याला महिनाभर सगळ्यांच्या सायकलींची पंक्चरं काढायला लावा.

आता दुसरी बाजू, ही पालकांना पण आवडेल. 'मी फक्त उभा होतो' हे वाक्य. पाच किंवा जास्त जण बेकायदा हेतूनं जमले आणि त्यातल्या एकानं त्या हेतूसाठी डोकं फोडलं तर मागं उभा असलेलाही त्याच गुन्ह्यात येऊ शकतो. दोन गटांच्या राड्यात आमच्याकडे जी पोरं येतात त्यातल्या निम्म्यांनी काठीला हात लावलेला नसतो, मित्रानं हाक मारली म्हणून गेलेली असतात, आणि हे कायदा न कळल्यामुळं कमी आणि 'भाऊनं बोलावलं' यामुळं जास्त होतं. कोयता घेऊन रील टाकण्याचं वेड पण इथंच घ्या, आर्म्स अ‍ॅक्ट लागतो आणि पुरावा पोरानं स्वतःच्याच अकाउंटवर ठेवलेला असतो, म्युझिक लावून.

सोशल मीडियावर मात्र 'पोस्ट टाकली की जेल' असं शिकवू नका, ते खोटं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, एकीनं मुंबई बंदबद्दल फेसबुक पोस्ट टाकली आणि दुसरीनं ती लाइक केली एवढंच. त्यावरून श्रेया सिंघल नावाची तरुण मुलगी सुप्रीम कोर्टात गेली आणि मार्च २०१५ मध्ये आयटी अ‍ॅक्टचं ६६ए, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून शिक्षा देणारं कलमच रद्द झालं. आपल्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या पोरीनं कलम उडवलं हे मुलांना फार आवडतं. पण कुणाचा खासगी फोटो फिरवणं, फेक अकाउंट काढणं, अल्पवयीन मुलाचा-मुलीचा तसला व्हिडिओ नुसता फॉरवर्ड करणं, हे गुन्हेच आहेत, आणि अत्याचार झालेल्या मुलीचं नाव 'न्याय मिळालाच पाहिजे' म्हणून स्टेटसला ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे.

पुण्याच्या पोर्शे प्रकरणाबद्दल एकच सांगते, मे २०२४ मधलं, अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोन जीव गेले, आणि मुलांच्या डोक्यात राहिलंय ते 'तीनशे शब्दांचा निबंध लिहिला की सुटतो'. निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती, आणि जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. हा फरक मोठ्यांनाही कळत नाही, टीव्हीवाल्यांना तर नाहीच.

त्या पालकांचं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना पुढच्या शनिवारी शेवटच्या बाकावर बसवा. आणि गेटबाहेर किती पोरं बापाची मोटारसायकल घेऊन येतात ते मोजून ठेवा. अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हा तास झाला की हक्कबिक्क म्हणणारे गृहस्थ स्वतःच प्रश्न विचारायला लागतात, बघाच.

सगळ्यात नाजूक विषय मी मुद्दाम मागं ठेवला. पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. वर्गात जायच्या आधी हे स्वतःसाठी वाचा, कारण तुमच्यावर कायद्यानं जबाबदारी आहे. अठराच्या आतल्या मुलावर किंवा मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर शिक्षा वर्षभरापर्यंत. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतर तुमच्या मुख्याध्यापकांना हे माहीत असेल पण तरी छापून टेबलावर ठेवा. आता तुम्ही चांगल्या मनानं चिठ्ठ्यांचा डबा ठेवाल (ठेवाच, नाव न लिहिता प्रश्न, उत्तम चालतो), आणि एखाद्या चिठ्ठीत प्रश्नाऐवजी भलतंच निघेल. किंवा कुणी तासानंतर थांबून म्हणेल, बाई कुणाला सांगणार नाही ना? तिथं 'नाही सांगणार' असं वचन देऊ नका. 'तुझ्या मदतीसाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगीन' म्हणा. खोदून खोदून विचारू नका, चार शिक्षकांपुढं परत परत वदवून घेऊ नका, पोक्सोमध्ये मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घेतात, अधिकारी वर्दीत नसतात, ते त्यांचं काम त्यांना करू द्या. १०९८ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर राहू द्या. आणि या विषयावर नाटुकली, रोल प्ले अजिबात नको, सायकलचोरीवर काय करायचं ते करा.

याच तासात पळून जाण्याचंही बोलावं लागेल, दहावीच्या वर्गात ते टाळणं म्हणजे डोळे मिटून घेणं. अठराच्या आत संमतीला कायद्यात अर्थ नाही, 'ती स्वतःहून आली' हा बचाव नाही, आणि एकोणीस-वीस वर्षांची पोरं यात वर्षानुवर्षं अडकतात. मात्र हे मुलींना दम देण्याच्या सुरात नको आणि गावातल्या कुठल्या जोडीकडे बोट दाखवून तर मुळीच नको.

शेवटचा शनिवार कोर्टात न्या. तालुका विधी सेवा समितीच्या अध्यक्षांच्या नावे, म्हणजे तालुक्याच्या न्यायाधीशांच्याच नावे, मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज द्या, पंधरा दिवस आधी. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, त्या दिवशी समितीच्या पॅनेलवरच्या वकीलबाईंना शाळेत बोलवा, आणि भेट पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी ठेवा. फौजदारी कोर्टात बसवा, लहान मुलांच्या आणि अत्याचाराच्या केसेस बंद खोलीत चालतात, तिकडे नाही. मुलांची पहिल्या दहा मिनिटांत निराशा होणार आहे, जज हातोडा आपटत नाहीत, जूरी नाही, कुणी ओरडत नाही, नुसत्या तारखा पडतात. थांबायचं दुपारपर्यंत, रिमांड येईतोवर, डबे बरोबर घ्या. पोलीस एखाद्याला घेऊन उभे राहतील, कागद वर जातील, आणि मॅजिस्ट्रेट मान वर करून त्या माणसाला विचारतील, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? माझ्या त्या मागच्या बाकावरच्या पोराचं उत्तर तेच आहे. दोन सेकंदांचा प्रश्न असतो, पंख्याच्या आवाजात ऐकूही येत नाही, त्यामुळं पोरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.